भाचा आला का?

बाईंनी मला नावानंतर विचारलेला पहिला प्रश्न होता, "आडनाव काय?"

अकोल्याबाहेर कापसाच्या एका बंद पडलेल्या गोदामात त्यांच्या प्रकल्पाचं ऑफिस होतं. बाई नॉर्वेच्या. मातीच्या शास्त्रज्ञ, वय साठीच्या आसपास. त्यांना शेतात दुभाषी, मदतनीस आणि पडेल ते काम करणारी म्हणून माझी नेमणूक झाली होती. मी आत गेले तेव्हा टेबलामागे एक उंच, उन्हाने लाल झालेली बाई डोक्याला ओला पांढरा दुपट्टा बांधून बसली होती. समोर निळ्या कव्हरची वही. आडनावानंतर बसस्टँडवरच्या वऱ्हाडी सुरात गाव विचारलं, आणि मग, "कोणाकडचे तुमी?"

त्या आठवड्यात हेच तीन प्रश्न, याच क्रमाने, मी अकोल्यातल्या सात दारांत ऐकले होते. मला भाड्याने खोली हवी होती. आमच्याकडे एकच आडनाव तीन-चार जातींत सापडतं, म्हणून आडनावावरून कळलं नाही तर गाव, आणि गावावरूनही कळलं नाही तर कोणाकडचे. तिसऱ्या प्रश्नाच्या पुढे कोणाची जात लपून राहत नाही. मी बौद्ध आहे. सातही दारांत तिसऱ्या उत्तरानंतर खोली आधीच कोणाला तरी दिलेली निघाली.

बाईंना मी माझं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, बडनेरा सांगितलं आणि थांबले. आडनावाच्या जागी त्यांनी पेन्सिलीने एक लहान प्रश्नचिन्ह काढलं आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

माझे वडील रेल्वेत होते. सुटीच्या दिवशी जयंतीच्या मैदानात सतरंजी टाकून पुस्तिका विकायचे. सोळा पानी, पातळ कागदाच्या, पहिल्याच पानावर 'उठा' असं लिहिलेल्या. मी वाचायला त्यांवरच शिकले. त्या दिवशी बडनेऱ्याच्या गाडीत बसून मी या बाईंवर मनातल्या मनात एक पूर्ण पुस्तिका लिहिली. इतक्या दुरून आलेल्या गोऱ्या बाईनेसुद्धा इथलं नेमकं हेच उचललं, असं तिचं पहिलं वाक्य होतं. ती पुस्तिका चुकीची होती हे कळायला दोन महिने लागले.

बाई ज्या गावातून आल्या होत्या तिथे हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही. त्यामुळे अकोल्यात आल्यावर पहिले पंधरा दिवस त्यांनी ऊन चुकूनमाकून हाती लागलेल्या वस्तूसारखं वापरलं. मार्चच्या दुपारी गच्चीवर खुर्ची टाकून बसायच्या, तेही टोपीशिवाय. सोळाव्या दिवशी सलाईन लागलं. दवाखान्यातून परतल्यावर त्यांनी निळी वही उघडली आणि स्वतःसाठी एक नियम केला. या देशात जगायचं तर कारण विचारत बसायचं नाही. इथली माणसं जे करतात ते तसंच्या तसं करायचं. त्यांच्या वऱ्हाडीत ते असं होतं, "हे लोक जित्ते हायेत. म्हणजे हे बरोबर हाय."

हे वाक्य त्या दिवसातून चारदा म्हणायच्या. खिशात कांदा ठेवायच्या, आणि तो रोज बदलायच्या. माठातलं पाणी ओंजळीने प्यायला शिकल्या आणि पहिला महिना कोपरापर्यंत भिजल्या. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते हे त्यांनी वहीत आकृतीसह लिहिलं होतं. आत जाताना चप्पल बाहेर काढायची हेही लिहिलं होतं, पण कशाच्या आत, हे लिहायचं राहिलं होतं. बाई बँकेबाहेर चप्पल काढायच्या, झेरॉक्सच्या दुकानाबाहेर काढायच्या. एकदा मूर्तिजापूरला जाताना एसटीच्या पायरीखाली काढली. एसटी गेली, चप्पल अकोल्यालाच राहिली. मूर्तिजापूरच्या स्टँडवर त्या अनवाणी उतरल्या, उड्या मारत सावलीत गेल्या आणि वही काढून नोंद दुरुस्त केली.

माणसांशी कसं वागायचं याचंही एक पान होतं. त्यांच्या गावी अनोळखी माणसाला काही विचारणं अशिष्ट समजतात. बसथांब्यावर दोन माणसांत दोन हात अंतर आणि तोंडं बंद. इकडे पाहावं तर सगळे सगळ्यांना विचारतात. बाईंनी निरीक्षण केलं आणि प्रश्न क्रमाने उतरवून घेतले. जेवण झालं का? कुठे चालले? आडनाव काय? गाव कोणतं? कोणाकडचे? त्यांना वाटलं, हा सगळा मिळून एक नमस्कार आहे. त्यांनी तो पाठ केला आणि सगळ्यांवर सारखा वापरला. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला, औषधाच्या दुकानदाराला, चौकातल्या पोलिसाला, सलाईन लावणाऱ्या डॉक्टरला. उत्तरं वहीत लिहून घेतली, कारण समोरच्याने सांगितलेलं लक्षात न ठेवणं त्यांच्याकडे वाईट समजलं जातं.

ही पानं त्यांनी मला मे महिन्यात दाखवली, तीही अभिमानाने. सगळी आडनावं एका रांगेत होती. मधूनच एखाद्या नावासमोर बारीक अक्षरांत इंग्रजीत शेरा होता: 'इथे थांबला. घसा कोरडा. पाणी दिलं.'

काही माणसं आडनावाशी येऊन थांबतात हे त्यांना दिसलं होतं. उन्हाचा देश आहे, घसा कोरडा पडत असेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून जो थांबेल त्याला त्या स्वतःच्या हाताने पाणी द्यायच्या. पहिल्या दिवशी माझ्यापुढे आलेल्या तांब्याचा हा अर्थ होता. मी त्याचे दुसरे चार अर्थ लावून बसले होते.

आमचं काम भेगा मोजायचं होतं. हरभरा निघाला की काळं रान उघडं पडतं आणि उन्हाळ्यात फाटत जातं. पातूर रस्त्यावरच्या एका शेतात आम्ही चुन्याने चौकोन आखले होते. प्रत्येक चौकोनातली प्रत्येक भेग किती रुंद, किती लांब आणि किती खोल, हे रोज मोजायचं. बाई पोटावर झोपून भेगेत टॉर्च मारायच्या आणि शिशाचा गोळा बांधलेली तार सोडायच्या. तार कमी पडली की खांद्यापर्यंत हात घालायच्या. आधी पंचफुला मावशी काठीने जमीन ठोकायची, कारण भेगेत साप असतो. मावशी आमच्याकडे मजुरीला येणाऱ्या बायांची मुख्य, आणि आमच्याच समाजाची. बाईंचं वऱ्हाडी तिच्याच तालमीत झालं होतं. मोजणीच्या पहिल्या आठवड्यात तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाईची आंगठी पडली काय वो भेगीत?" मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, नुसती भेग मोजाले एवढ्या दुरून आली, म्हणजे घरी भांडण झालं असन.

भेगांवरून मला बरंच काही सुचत असे. पुस्तिका वाचून वाढलेल्या माणसाला भेग दिसली की सुचतंच. एकदा मी बाईंना ते ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या की तार सरळ धर, आकडा चुकतोय.

हे काम सकाळी सहा ते दहा एवढंच करता यायचं. बडनेऱ्याहून पहिल्या गाडीने निघूनही मी शेतावर पोचायचे आठला. पुढच्या दोन तासांत अर्धीच मोजणी व्हायची. पाऊस पडला की भेगा बुजतात, आणि मग हुकलेली मोजणी कोणी परत आणून देत नाही. प्रकल्पाच्या साहेबांनी मला स्पष्ट सांगितलं. महिनाअखेरपर्यंत अकोल्यात राहायला या, नाहीतर दुसरी मुलगी बघावी लागेल. मी बाईंना हे सांगितलं, कॉलन्यांमधली सात घरं पाहून झाली हेही सांगितलं, नकाराचं कारण सांगितलं नाही. त्यांना त्यात काही अडचणच दिसेना. कॉलनीतल्या ज्या घरात त्या वरच्या मजल्यावर राहत होत्या तिथेच खाली एक खोली रिकामी होती. घरमालकीण काकू प्रेमळ. बाईंना पन्हं करून पाठवायच्या, आजारपणात त्यांनीच डबा दिला होता.

संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. काकूंनी खुर्ची दिली, पंखा वाढवला. नाव विचारलं. मी वडिलांचं नाव जोडून सांगितलं. काकू हसल्या. "ते झालं गं, आडनाव?" मी सांगितलं. गाव सांगितलं. कोणाकडचे, तेही सांगितलं. बाई शेजारी बसून, आपल्याला पाठ असलेली कविता दुसरं कोणी म्हणत असावं तशा मान डोलवत होत्या. क्रम बरोबर होता. मग काकूंना आठवलं की खोली भाच्यासाठी ठेवली आहे. पातूरचा भाचा, कधीही येईल. काकूंचा आवाज जराही बदलला नव्हता. जाताना त्यांनी मला पन्हं घेऊन जायचा आग्रह केला.

फाटकाबाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "काल तं भाचा नव्हता."

मी त्यांना सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, कारण वऱ्हाडीत माझा आवाज चढला असता. तीन प्रश्न कशासाठी असतात, कोणाला खुर्ची मिळते, कोण उभं राहतं, आणि आडनावाशी थांबणाऱ्या माणसाचा घसा कशाने कोरडा पडतो.  बाई वही छातीशी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी डॉक्टरले पुसलं. गॅसवाल्याले पुसलं. तुले पुसलं." मी हो म्हटलं. त्यांनी आपलं नेहमीचं वाक्य सुरू केलं. हे लोक जित्ते हायेत, म्हणजे हे... आणि तिथेच थांबल्या. पुन्हा ते वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. मी पाहिलेली सातही घरं कॉलनीतलीच का होती?

मी उत्तर दिलं. या शहरात हवं तिथे राहण्याचा मला इतरांइतकाच हक्क आहे, मला हद्द आखून देणारे तुम्ही कोण, वगैरे. त्यातला शब्द न् शब्द खरा होता आणि आजही मी तो मागे घेणार नाही. बाई म्हणाल्या, हक्काचं समजलं. पण पंचफुला मावशीला का नाही विचारलं? 

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी एक विचित्र काम काढलं. मोजणी आटोपली की वही घेऊन निघायच्या आणि ज्यांची ज्यांची आडनावं लिहिली होती त्यांना एकेकाला शोधून काढायच्या. सांगायच्या की मी तुमचं आडनाव पुसलं होतं, मले माहीत नव्हतं, आता हे मी कापून राहिली. आणि समोरच्याच्या डोळ्यांदेखत त्या शब्दावर लाल रेघ ओढायच्या. दुभाषी म्हणून मी सोबत असायचे. मला ते पोरकट वाटत होतं. रेघांनी काय होतं? असंही वाटत होतं की हे निदान कोणीतरी करतंय.

डॉक्टरांना वाटलं बिलाचं काही आहे. पोलिसाने वहीवर सही हवी का विचारलं.  गॅसवाला रेघ ओढून होईपर्यंत वाकून पाहत राहिला, मग म्हणाला की बाई, त्या दिवशीचं पाणी लय थंड होतं. आम्ही ज्या शेतात मोजत होतो त्याचे मालक मात्र चिडले. पिढ्यानपिढ्यांची जमीन, गावात मान, आणि ही बाई त्यांच्या आडनावावर तांबडी रेघ मारणार. "काऊन कापता? आमच्या आडनावाले काय झालं?" त्यांनी वही ओढून घेतली. बाईंनी शांतपणे परत मागितली आणि रेघ मारलीच. आठ दिवस आम्हाला त्या शेतात पाय ठेवू दिला नाही. त्या आठ दिवसांची मोजणी बुडाली ती बुडालीच. साहेबांनी बाईंना लेखी खुलासा मागितला. त्यांनी एका ओळीत लिहून दिला: चूक माझी होती, दुरुस्त केली.

मावशीकडे आम्ही शेवटी गेलो. तिची वस्ती रेल्वेच्या रुळांपलीकडे. पत्र्याचं छत, दोन खोल्या, दारात निळ्या रंगाचा पाण्याचा ड्रम. बाईंनी वही उघडली, आपलं वाक्य म्हटलं आणि पेन टेकवलं. मावशीने त्यांचा हात धरला.

"कापू नोका."

बाईंनी पेन उचललं.

"मी थांबली होती काय सांगाले? नाई ना? मंग? तुमी पुसलं, मी सांगतलं. माह्या बापाचं नाव हाय ते. ज्याले लाज वाटते त्याचं कापा."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मावशी मग माझ्याकडे वळली. बाईंनी बहुतेक तिला आधीच सांगून ठेवलं असावं. "तुले खोली पायजे होती तं मले काऊन नाई म्हटलं, पोरी? माही मागची खोली लेकीचं लग्न झालं तवापासून रिकामी हाय. का आमचं घर तुले आवडलं नसतं?"

  उत्तराला न थांबता ती आत जाऊन खोलीतली सुकायला घातलेली तुरीची डाळ आवरायला लागली. महिनाअखेरीला तीन दिवस बाकी असताना मी माझी पेटी तिथे आणली. पत्रा इतका तापायचा की दुपारी भिंतीला पाठ टेकवत नव्हती. मावशीने मला बाईंच्याच वहीतले सगळे उपाय शिकवले. तसं पाहिलं तर ते मूळचे तिचेच होते. सहाला मी शेतावर असायचे.

बाई काकूंचं घर सोडतील असं मला वाटलं होतं. सोडायलाच हवं होतं, असं माझं मत होतं आणि ते मी त्यांना सुनावलंही. पुस्तिकेत असती तर ती बाई बॅग भरून बाहेर पडली असती. बाई म्हणाल्या, मी गेले तर फक्त एक खोली रिकामी होईल. त्या राहिल्या. हे मला पटलं नाही, अजून पटत नाही. पण त्यांनी तिथे राहून काय केलं ते सांगायला हवं.

रोज सकाळी कामाला निघताना बाई काकूंच्या दाराशी थांबायच्या आणि अतिशय अदबीने विचारायच्या, "भाचा आला काय?" आवाजात टोमणा नाही, चेहऱ्यावर हसू नाही. काकू म्हणायच्या की नाही अजून, येईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. जूनमध्ये, जुलैमध्ये, पावसात छत्री धरून. पाहुणे बसलेले असले तरी. हळदीकुंकवाला आलेल्या बायांसमोर. काकू मागच्या दाराने जायला लागल्या तेव्हा बाई मागच्या दाराशी थांबायला लागल्या. दसऱ्याच्या सुमाराला काकूंनी अखेर पातूरहून खरोखरच एक भाचा आणवला. चाळिशीचा, गुडघ्यांनी अधू, विम्याचं काम करणारा माणूस. त्याला कोणी काही सांगितलेलं नसावं. रोज सकाळी एक गोरी बाई येऊन त्याच्याकडे रोखून बघते, "तुमी भाचा काय?" असं विचारते आणि वहीत टिपून घेते, हे त्याला दहा दिवस सोसलं. अकराव्या दिवशी तो पातूरला परतला. बाराव्या दिवशी बाईंनी दाराशी थांबून विचारलं, "भाचा गेला काय?"

त्या हे मुद्दाम करत होत्या की त्यांना खरंच भाच्याची काळजी होती, हे मला कधीच कळलं नाही. विचारलं तर म्हणायच्या की काकूंनी सांगितलं येईल, म्हणून पुसते.

प्रकल्प संपला तेव्हा गोदामात खोकी बांधताना निळी वही माझ्या हाती आली. लाल रेघांची पानंच्या पानं. मावशीच्या आडनावावर रेघ नव्हती. माझी ओळ पहिल्या दिवशी होती तशीच होती. नाव, वडिलांचं नाव, बडनेरा, आणि मधे पेन्सिलीचं ते प्रश्नचिन्ह. काकूंच्या घरी बाईंनी माझं आडनाव स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी ते भरलं नव्हतं. मी त्यांना सांगितलेलं नव्हतं म्हणून.

मी पेन घेऊन प्रश्नचिन्हावरच लिहिलं. मोठ्या अक्षरात. बाई सुतळी कापत होत्या. त्यांनी येऊन पाहिलं, लाल पेन काढलं आणि विचारलं, "कापू काय?"

"नोका," मी म्हटलं.

यंदा मी नोकरीसाठी यवतमाळला आले. मावशीच्या दूरच्या नात्यातल्या एका घरी उतरले आहे, आणि कॉलनीतही घर बघते आहे. दोन्ही करते. दार उघडलं की कोणी विचारायच्या आत आडनाव सांगून टाकते. मागच्या सोमवारी एका घरी खोली रिकामी होती, पण मी नाव सांगितल्यावर मालकांना आठवलं की ती मेहुण्यासाठी ठेवली आहे. त्याची अमरावतीहून बदली होतेय.

मंगळवारी सकाळी मी गेले आणि विचारलं. बुधवारी गेले, गुरुवारी गेले. आजही जाऊन आले. मेहुणा अजून आलेला नाही.